दक्षिणेतील बर्फ आणि मुलांची सुट्टी

अमेरिकेच्या उत्तरेकडील राज्यांत ज्यांचे आयुष्य गेले त्यांचा दक्षिणेविषयी एक जुना आक्षेप आहे, आणि तो दर हिवाळ्यात नव्याने ऐकू येतो. दोन इंच बर्फ पडला की दक्षिणेचा सारा कारभार ठप्प होतो, शाळांना कुलपे लागतात, कचेऱ्यांची कामे तहकूब होतात, दुकानांतील पाव आणि दूध आदल्या संध्याकाळीच संपून जाते, आणि जी गोष्ट बफेलो किंवा मिनियापोलिस येथील गृहस्थ न्याहारीपूर्वी फावड्याने बाजूस सारून कामावर निघतो, तिच्यापायी इकडचे राज्यपाल आणीबाणीचा जाहीरनामा काढतात, असा त्या आक्षेपाचा मथितार्थ. हा आक्षेप घेणाऱ्यांत अलीकडे आपले मराठी बांधवही असतात. न्यू जर्सी किंवा शिकागोकडे पाचदहा हिवाळे काढून जी कुटुंबे अटलांटा, शार्लट किंवा रॅलेच्या परिसरात राहावयास आली, त्यांच्या मेळाव्यांत जानेवारीच्या सुमारास या विषयावर हमखास बोलणे निघते. मध्य जॉर्जियात, मेकॉनच्या दक्षिणेस पीच आणि पिकॅन यांच्या बागांचा जो मुलूख आहे, तेथे खेड्यावर माझे बिऱ्हाड आहे. आणि येथील लोकांमध्ये राहून माझे असे ठाम मत झाले आहे की बर्फ पडला असता थांबणे हा या प्रदेशाचा एक उत्तम शिरस्ता असून, तो मोडू पाहणाऱ्या नव्या पद्धतींना, विशेषतः शाळांच्या कारभारात शिरलेल्या एका पद्धतीला, वेळीच आवर घातला पाहिजे.

या प्रदेशात बर्फ पडावयाचा तर दोन गोष्टींची गाठ पडावी लागते, आणि त्या दोहोंचा स्वभाव असा की त्या सहसा एकत्र नांदत नाहीत. कॅनडाकडून उतरणारी ध्रुवप्रदेशाची हवा थंड खरी, पण कोरडी. मेक्सिकोच्या आखातावरून येणारी हवा सजल खरी, पण उबदार. पहिलीचा अंमल असतो तेव्हा आकाश निरभ्र राहते, गवतावरचे दहिवर पहाटे गोठते आणि बर्फाचा मागमूसही नसतो. दुसरीचा असतो तेव्हा ऐन जानेवारीतही साधा पाऊस पडतो. थंड हवेचा थर जमिनीलगत ठाण मांडून बसला असताना आखाताच्या किनाऱ्याने एखादे कमी दाबाचे क्षेत्र पूर्वेकडे सरकत गेले, आणि त्याने आणलेली वाफ नेमकी त्या थंडीवर पसरली, तरच हिमकण तयार होतात. आणि तेवढे होऊनही, मधल्या थरात किंचित ऊब शिरली तर ते कण वाटेतच वितळतात आणि तारांवर, फांद्यांवर, रस्त्यांवर आदळताच पारदर्शक कवच होऊन बसतात. एका तालुक्यात पाऊस, शेजारच्या तालुक्यात हे घातक कवच, आणि त्यापलीकडच्या तालुक्यात शुभ्र बर्फ, असा प्रकार एकाच रात्री घडतो. अटलांटाची वार्षिक सरासरी दोन इंचांच्या आसपास भरते. पण कित्येक हिवाळे रिकामेच जातात, आणि आखाताकडे सरकावे तसतशी ही सरासरीही जवळजवळ शून्याला टेकते.

ज्याची आवक इतकी अनिश्चित, त्याच्या तारखा लोकांच्या तोंडी राहतात यात नवल नाही. आमच्या भागात साठी ओलांडलेल्या कोणाही माणसापाशी 1973 च्या फेब्रुवारीचा विषय काढावा, आणि मग तासभर स्वस्थ ऐकत राहावे. त्या वर्षी 9 ते 11 फेब्रुवारी या दिवसांत मेकॉन येथे साडेसोळा इंच, तर दक्षिण कॅरोलायनातील रिमिनी या खेड्यात दोन फूट बर्फ पडला, आणि जेथे कापसाच्या शेतात माणसे उन्हाने भोवळ येऊन पडत त्याच शेतांतून वाट काढण्यास फावडी लागली. उत्तर अलाबामातील वृद्ध 1963 च्या अखेरच्या रात्रीची गोष्ट सांगतात: त्या रात्री आणि नववर्षाच्या पहाटे मिळून हंट्सव्हिल येथे सतरा इंचांहून अधिक बर्फ पडला. बर्मिंगहॅमच्या आठवणीत 1993 चा मार्च आहे. वसंताची फुले उमलू लागली असताना तेथे तेरा इंचांचा थर साचला. आणि अगदी अलीकडची, 21 जानेवारी 2025 ची गोष्ट तर अशी की पुढील पिढ्यांना ती सांगताना आपणच अतिशयोक्ती करीत आहोत की काय अशी शंका सांगणाऱ्याला यावी. न्यू ऑर्लिन्सच्या विमानतळावर आठ इंच, मोबील येथे साडेसात, फ्लोरिडाच्या पेन्साकोला शहरात जवळजवळ नऊ. आणि त्याच राज्यातील मिल्टन गावी, जेथे 1954 साली पडलेला चार इंच बर्फ हा तोवर साऱ्या फ्लोरिडाचा उच्चांक समजला जात होता, तेथे पावणेदहा इंचांच्या आसपास. लुइझियानातील लेक चार्ल्सच्या हवामान कचेरीने त्या दिवशी हिमवादळाचा जो इशारा दिला, तसा इशारा आखाताच्या किनाऱ्यावर त्यापूर्वी कधीही दिला गेला नव्हता. त्या लाटेतला थोडासाच अंश आमच्या वाट्याला आला. पण आमच्या अंगणाला तेवढा पुरेसा होता.

आता आक्षेपाच्या व्यावहारिक बाजूकडे वळू. बर्फ सारणारी यंत्रे, मिठाचे साठे, ती यंत्रे चालविणारे प्रशिक्षित कामगार, या सर्वांचा बंदोबस्त उत्तरेकडील प्रत्येक नगरपालिका करते, कारण तेथे त्यांना दर सालाबाद काम असते. जो तालुका आपल्या तुटपुंज्या महसुलातून मातीचे रस्ते आणि लाकडी पूल कसेबसे सांभाळतो, त्याने पाचसात वर्षांतून एकदा लागणाऱ्या यंत्रांवर खजिना रिता करावा असे कोणता शहाणा हिशेबनीस सुचवील? शिवाय येथील बर्फ उत्तरेकडच्या कोरड्या बर्फाहून निराळा. जमीन उबदार असते, म्हणून दुपारी तो वितळतो. रात्री पारा पुन्हा 32 अंश फॅरनहाइटच्या खाली गेला की वितळलेले पाणी रस्त्यावर गोठते, आणि पाइनच्या सावलीतील वळणावर तो थर दिसतही नाही. अशा वळणांवरून शाळेची पिवळी बस न्यावयाची आहे. 28 जानेवारी 2014 रोजी अटलांटा येथे पुरता तीन इंचही बर्फ नव्हता. पण शाळा, कचेऱ्या आणि दुकाने सकाळी रीतसर उघडली, दुपारी ती सर्व एकाच वेळी सुटली, आणि लक्षावधी गाड्या निसरड्या रस्त्यांवर अडकून पडल्या. मुलांनी ती रात्र शाळांत काढली, काहींनी बसमध्ये; महामार्गावर एका स्त्रीची प्रसूती मोटारीतच झाली. त्या दिवसाचा दोष दक्षिणेने थांबण्याला द्यावयाचा की न थांबण्याला, याचा निर्णय वाचकांनीच करावा.

परंतु केवळ सुरक्षिततेच्या मुद्द्यावर या सुट्टीचे समर्थन करून थांबणे मला अपुरे वाटते, कारण तिचे खरे मोल घरात आणि अंगणात कळते. इकडचे जुने खेडवळ घर विटांच्या खांबांवर उचललेले असते, उन्हाळ्यात खालून वारा खेळावा म्हणून. थंडीत तीच मोकळी जागा वैरीण होते, कारण नळ तेथूनच गेलेले असतात. म्हणून इशारा येताच पहिले काम नळांचे. प्रत्येक तोटीतून बारीक धार रात्रभर वाहती ठेवावयाची, विहिरीच्या पंपावरच्या खोपटात ऊब राहावी म्हणून एक जुन्या पद्धतीचा दिवा जळत ठेवावयाचा, गुरांच्या हौदापाशी कुऱ्हाड आणून ठेवावयाची म्हणजे सकाळी वरचा थर फोडता येईल, आणि वैरणीचे गठ्ठे वाऱ्याच्या आडोशाला लावावयाचे. जुन्या पाइनच्या खोडाचा राळेने भरलेला गाभा येथील माणसे वर्षभर जपून ठेवतात. त्याची एक ढलपी पेटविली की ओलसर ओंडकाही धरतो, आणि तिचा तो तीव्र, काहीसा औषधी गंध घरभर पसरला म्हणजे हिवाळा खऱ्या अर्थाने आल्यासारखा वाटतो. चुलीवर घेवड्याच्या जातीचे सुके दाणे डुकराच्या खारवलेल्या हाडाबरोबर शिजत असतात आणि बिडाच्या तव्यात मक्याचा पाव भाजत असतो. आमच्या घरी त्या दाण्यांत हाड पडत नाही आणि फोडणी गोड्या मसाल्याची पडते, एवढाच फरक.

आणि मग सकाळ. ताज्या हिमाच्या थरात इतकी हवा कोंडलेली असते की तो ध्वनी शोषून घेतो. महामार्गावरच्या मालमोटारींचा जो घोष एरवी चारपाच मैलांवरूनही येत राहतो तो त्या दिवशी येत नाही, आणि माणसाला प्रथम जाग येते ती या अभावाने. अंगणातील कॅमेलिया जानेवारीत ऐन बहरात असते. तिच्या गडद हिरव्या, तुकतुकीत पानांवर आणि तांबड्या फुलांवर बर्फ साचलेला पाहण्याचे भाग्य उत्तरेकडच्या माणसाला सहसा लाभत नाही, कारण हे झाड तेथील कडाक्याच्या थंडीत जगत नाही. दुपारपर्यंत ती फुले तपकिरी होऊन गळतील हे ठाऊक असते, म्हणून आमच्या बाजूच्या स्त्रिया आदल्या दिवशीच अर्ध्याअधिक कळ्या खुडून पाण्याच्या बशीत तरंगत ठेवतात. कार्डिनल पक्ष्याची लाली पानगळीच्या करड्या रानात हिवाळाभर दिसतेच, पण पांढऱ्या पार्श्वभूमीवर ती डोळ्यांत भरते. आणि राखी पाठीचे ते चिमुकले जंको, ज्यांना येथे बर्फपाखरेच म्हणतात, कुंपणाखाली पडलेले गवताचे बी टिपत घोळक्याने फिरतात.

मुलांपाशी बर्फाची म्हणून कोणतीही सामग्री नसते, आणि माझ्या मते ही त्या दिवसाची मोठीच देणगी आहे. उत्तरेकडील मुलाला घसरगाडी दुकानातून मिळते. येथे ती शोधावी लागते. पेंडीचे रिकामे पोते, ट्रॅक्टरच्या चाकाची ट्यूब, न्याहारीचे ताट, पुठ्ठ्याचा खोका, एखाद्या भंगार मोटारीचे टोपण. हातमोजे नाहीत म्हणून हातांत पायमोजे, आणि बुटांत पाणी शिरू नये म्हणून पायांवर पावाच्या रिकाम्या पिशव्या. टेकडी कसली, शेततळ्याचा बांध तो. पण त्यावरून खाली येणाऱ्या पोराच्या आरोळीत हिमालयाचा उत्साह असतो. मोठी माणसेही तेथे असतात, हे मला विशेष वाटते. जो बाप एरवी पहाटे पाचला कोंबड्यांच्या कारखान्यात जातो आणि अंधार पडल्यावर परततो, तो भर दुपारी, आठवड्याच्या मधल्या वारी, आपल्या मुलीला पोत्यावर बसवून ओढीत असलेला दिसतो.

दुपारी हिमदुधाची वेळ होते. भल्या मोठ्या परातीत स्वच्छ बर्फ भरून आणावयाचा, त्यात आटवलेले दूध, साखर, व्हॅनिलाचे थेंब आणि चिमूटभर मीठ घालून भराभर ढवळावयाचे, आणि वितळण्यापूर्वी संपवावयाचे. शेजारच्या घरी एक वयोवृद्ध बाई एकट्या राहतात. सारा गाव त्यांना आदराने ‘मिस’ लावून त्यांच्या पहिल्या नावाने हाक मारतो. त्या मला पहिल्या वर्षी म्हणाल्या, “बाळा, सुरुवातीचा बर्फ कधी घ्यायचा नाही. तो हवेतली धूळ धुऊन खाली आणतो. तासभर पडू द्यावा, मग वरवरचा घ्यावा, आणि झाडाखालचा तर मुळीच नको.” या नियमात जे शास्त्र आहे ते आहेच, पण तो सांगताना त्यांच्या आईचा, आजीचा आणि 1973 च्या परातीचा जो उल्लेख ओघाने आला, तो इतर कोणत्याही दिवशी आला नसता. मी आमच्या परातीत वेलदोडा घातला तेव्हा त्यांनी चव घेऊन मान डोलावली, आणि तेव्हापासून दोन्ही प्रकार होतात.

शेतकऱ्याच्या हिशेबातही हा दिवस तोट्याचा नाही. पीचच्या झाडाला हिवाळी विश्रांती लागते. 45 अंशांखालील थंडीचे ठरावीक तास मिळाल्याखेरीज त्याच्या कळ्या नीट उमलत नाहीत. जानेवारीत झाड झोपलेले असते, बर्फ त्याला बाधत नाही. घात करतो तो फुलोरा आल्यानंतरचा मार्चमधील कडाका. 2023 साली जॉर्जियाचे पीचचे बहुतेक सारे पीक बुडाले ते उबदार हिवाळा आणि त्यामागून मार्चची गोठवणारी रात्र या दोन आघातांनी. त्यामुळे जानेवारीतला बर्फ पाहून बागाईतदार प्रसन्न असतो. पिकॅनच्या बागेचा मालक मात्र आकाशाकडे धास्तीने पाहतो; त्याची झाडे ठिसूळ, आणि गोठणाऱ्या पावसाच्या भाराने त्यांच्या फांद्या कडाकड मोडतात.

मोडणाऱ्या फांद्यांवरून दिव्यांची आठवण होते, आणि येथे माझ्या आनंदाला मर्यादा पडते. रूझवेल्टच्या कारकिर्दीत, 1935 नंतर, ज्या ग्रामीण वीज सहकारी संस्था उभ्या राहिल्या त्यांच्याच तारा आजही दक्षिणेतील शेतोशेत गेलेल्या आहेत. आणि त्या तुटल्या म्हणजे जी माणसे गोठलेल्या रात्री खांबावर चढतात, त्यांना ही सुट्टी नसते. परिचारिकेला नसते, दूध काढणाऱ्याला नसते. रोजावर काम करणाऱ्याला ती असते, पण तिचा मोबदला त्याच्याच खिशातून जातो. पातळ भिंतींच्या फिरत्या घरांत राहणाऱ्या कुटुंबांना तर बर्फाचे सौंदर्य दिसण्यापूर्वी विजेचे बिल दिसते. टेक्सासमध्ये फेब्रुवारी 2021 च्या थंडीत वीजपुरवठा कोलमडला आणि दोनशेंहून अधिक माणसे दगावली, हे विसरून बर्फाची स्तोत्रे गाणे मला जमणार नाही. तालुक्याने जसे शाळा बंद ठेवण्याचे फर्मान काढावे तसेच उबदार निवाऱ्याची, जळणाची आणि एकट्या वृद्धांच्या विचारपूशीची तजवीजही त्याच फर्मानात करावी. आज ही विचारपूस पुष्कळशी शेजारीच करतात: ज्याच्यापाशी चारही चाकांनी ओढणारी गाडी आहे तो औषधे पोचवतो, ज्याच्यापाशी यांत्रिक करवत आहे तो रस्त्यावरचे झाड कापतो, आणि चर्चचे स्वयंपाकघर उघडे राहते. हा शेजारधर्म थोर आहे. पण सरकारी कर्तव्याच्या जागी त्याला कायमचे जुंपणे अन्यायाचे होईल.

ज्या नव्या पद्धतीचा आरंभी उल्लेख केला ती आता सांगतो. कोविडच्या साथीत मुलांना लॅपटॉप वाटले गेले, आणि साथ ओसरल्यावर दक्षिणेतील अनेक जिल्ह्यांच्या शिक्षण मंडळांच्या ध्यानात आले की बर्फाच्या दिवशीही शाळा घरबसल्या चालू ठेवता येते. दक्षिण कॅरोलायनात वर्षाकाठी असे पाच दिवसांपर्यंत घरून शिक्षण देण्याची मुभा आहे, व्हर्जिनियात दहा. जॉर्जियातही पुष्कळ जिल्ह्यांनी हा मार्ग पत्करला आहे. कागदोपत्री दिवस भरतो, वेळापत्रक बिघडत नाही, आणि पालकांपैकी बरेच जण समाधान पावतात. त्यांत आपले मराठी पालक काकणभर अधिकच, कारण अभ्यास बुडणे ही आपल्या घरांत मोठी धास्ती.

या पालकांना मी आदरपूर्वक विचारतो: जुलैत धो धो पाऊस लागला, वर्गात पाणी शिरले, आणि मुख्याध्यापकांनी घंटा देऊन सारी शाळा सोडली, तो दिवस तुम्हाला आठवतो की त्या दिवशी बुडालेला भूगोलाचा तास? ज्या मुलाने आयुष्यात प्रथमच बर्फ पाहिला आहे, आणि ज्याला तो पुन्हा पाहावयास कदाचित सात वर्षे लागतील, म्हणजे तोपर्यंत त्याचे बालपणच सरलेले असेल, त्याला खिडकीकडे पाठ करून पडद्यासमोर बसविणे मला क्रौर्याचे वाटते. आणि शिकण्याचाच हिशेब करावयाचा तर तो पुरता करू. पाण्याची तिन्ही रूपे त्या दिवशी परातीत असतात. कोल्ह्याची, सशाची आणि हरणाची पावले, जी एरवी तांबड्या मातीत कधी नीट उमटत नाहीत, ती अंगणभर वाचावयास मिळतात. आजीच्या तोंडून गावाचा इतिहास ऐकावयास मिळतो. शिवाय खेड्यावर इंटरनेटची अवस्था इतकी शोचनीय आहे, आणि वीज जाण्याचा संभव त्या दिवशी इतका मोठा, की घरून चालणारी ही शाळा प्रत्यक्षात शहरालगतच्या सुस्थित मुलांचीच शाळा ठरते, आणि मातीच्या रस्त्यावरचे मूल दोन्हीकडून वंचित राहते: अभ्यासही नाही आणि सुट्टीही नाही.

आमच्या जिल्ह्याचे शिक्षण मंडळ पुढील वर्षाचे वेळापत्रक मंजुरीसाठी ठेवील तेव्हा मी चार मागण्या लेखी देणार आहे, आणि या भागातील मराठी पालकांनी आपापल्या मंडळांकडे त्या द्याव्यात अशी माझी विनंती आहे. वर्षारंभीच दोन दिवस बर्फासाठी राखून ठेवावेत, आणि बर्फ न पडल्यास ते वसंतात मुलांना परत द्यावेत. त्या दोन दिवसांत लॅपटॉप उघडण्याची सक्ती, हजेरी किंवा गृहपाठ नसावा. घरून शिक्षणाची सोय तिसऱ्या दिवसापासून पुढे, खरोखर गरज पडली तरच वापरावी. आणि शाळेतील दुपारच्या जेवणावर जी मुले अवलंबून आहेत त्यांच्या घरी आदल्या दिवशीच शिधा पोचावा, त्यासाठी बसचालकांना त्या फेरीचा जादा पगार मिळावा.